सातवं वचन माझ्यासाठी, मग आठवं कोणासाठी?

दादांच्या बैठकीतल्या टेबलावर हक्कसोडपत्राचा कागद होता. कूलरच्या वाऱ्याने तो उडू नये म्हणून वहिनीने त्यावर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ठेवलं होतं. दादांनी ते उचललं, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढला आणि सातवं वचन वाचलं. आशय असा, की तुमचे एकमेकांवर खटले आहेत यातच तुमची हार आहे. त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, नाडणूक का होऊ देत नाही? वाचून झाल्यावर त्यांनी धाकट्या बहिणीपुढे पेन धरला.

हे २०२२ च्या मे महिन्यातलं, उत्तर नागपुरातलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नावं घेत नाही; तिघा भावंडांना दादा, ताई आणि धाकटा एवढंच म्हणते. मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दर गुरुवारी शास्त्राभ्यास घेते, त्याआधी शाळेत मराठी शिकवायची, म्हणून सगळे मला बाई म्हणतात. हे प्रकरण लिहायचं कारण माझी त्यातली चूक. ताईने त्या दिवशी सही केली नाही, विचार करते म्हणाली आणि संध्याकाळी माझ्याकडे आली. मीही तिला तेच सातवं वचन दिलं. ख्रिस्ताने तर जीव दिला, आपण जमीन देऊ शकत नाही का, असंही म्हणाले. तिच्यासोबत प्रार्थना केली. ती गेली तेव्हा आपण चांगला सल्ला दिला असं मला वाटत होतं.

घराची हकिकत थोडक्यात सांगते. बाबा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी १९८३ मध्ये पंधराशे फुटांचा प्लॉट घेतला आणि पगारातून दोन खोल्या, मग चार, असं घर उभं केलं. आई २००८ मध्ये गेली. २०११ मध्ये बाबांना लकवा झाला आणि २०१९ मध्ये ते गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं, आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदीवर, अजून त्यांचंच नाव होतं. दादा त्याच घरात राहत, वरचा मजला त्यांनी स्वतःच्या पैशाने चढवला होता. धाकटा पुण्याला, दोघंही नवराबायको कमावणारे. ताईच्या यजमानांची खासगी नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली ती परत मिळाली नाही. भाड्याचं घर, मुलगी नर्सिंगला. बिल्डरने दादांना घर पाडून इमारत बांधायचा प्रस्ताव दिला आणि सगळ्यांचे हक्कसोड आणायला सांगितलं. धाकट्याने पुण्याहून येऊन लगेच सही केली. दादा ताईला म्हणाले, "त्याने सोसलं, तू काहून नाही?"

आठ दिवसांनी ताई पुन्हा आली. या वेळी शास्त्र तिच्या काखेत होतं, मध्ये विजेच्या बिलाची घडी खूण म्हणून घातलेली. तिने ते माझ्यासमोर उघडलं आणि विचारलं, "बाई, सातवं वचन माझ्यासाठी आहे ना जी? मग आठवं कोणासाठी आहे?"

आठव्या वचनात पौल म्हणतो: उलट तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच नाडता, आणि तेही आपल्या भावांना.

मी ते वचन शेकडो वेळा वाचलं असेन. तिला सल्ला देताना मात्र मी सातव्यावर थांबले होते, कारण दादा सातव्यावर थांबले होते आणि प्रश्न माझ्यापर्यंत तेवढाच आला होता. तिच्यासमोरच मी तिची क्षमा मागितली. मग तिला म्हटलं, मला पंधरा दिवस दे, मी हा अध्याय पहिल्यापासून वाचते.

वाचताना जे दिसलं ते नीट मांडते, कारण प्रकरणाचं मर्म तिथंच आहे.

वचनांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत. नव्या करारातली आज चालते ती वचनांची विभागणी रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये केली. पौलाने इफिसहून करिंथला पत्र पाठवलं ते मंडळीत सलग वाचून दाखवायला. ऐकणाऱ्याला सातवं कुठं संपलं आणि आठवं कुठं सुरू झालं हे कळायची सोयच नव्हती. शिवाय मूळ ग्रीकमध्ये दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे, अपोस्तेरेओ, म्हणजे नाडणं, हक्काचं असलेलं काढून घेणं. नाडणूक का होऊ देत नाही, आणि लगेच, तुम्हीच तर नाडता. पौलाने दोन्ही वाक्यं एकाच श्वासात लिहिली, आपण कॅलेंडरवर आणि मोबाइलवरच्या चित्रात ती अर्धी कापतो. मार्कच्या शुभवर्तमानात १०:१९ मध्ये येशू श्रीमंत माणसाला आज्ञा सांगतो तिथंही हेच क्रियापद येतं: नाडू नको. मत्तय आणि लूक यांच्या वृत्तान्तात हे वाक्य नाही, मार्कात आहे. आणि ते ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याला सांगितलेलं आहे.

दुसरं, करिंथ. इसवी सनापूर्वी १४६ मध्ये रोमनांनी हे शहर उद्ध्वस्त केलं, आणि ४४ मध्ये ज्युलियस सीझरने तिथं रोमन वसाहत वसवली. पैसा आणि प्रतिष्ठा यांच्या चढाओढीचं हे बंदर. रोमन व्यवस्थेत दिवाणी दावा हा बहुधा वरच्या थरातल्या लोकांचा खेळ होता. गरिबाने आपल्याहून मोठ्या माणसावर दावा लावणं अवघड, काही नात्यांमध्ये तर परवानगीशिवाय मनाईच. तेव्हा मंडळीतला जो कोणी भावाला न्यायाधीशापुढे ओढत होता, तो बहुतेक ओढू शकणारा होता. पौलाचा राग त्याच्यावर आहे. आणि पाचव्या वचनात तो लाज आणत विचारतो: भावाभावांमधला निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? म्हणजे गप्प बसा असं तो सांगत नाही. तुम्ही बसून निवाडा करा, असं सांगतो. कोर्टात जाऊ नको म्हणून बहिणीला थांबवायचं आणि मंडळीतही तिचं ऐकायचं नाही, याला या अध्यायात कुठंच आधार नाही.

स्वतः पौलाने काय केलं? फिलिप्पै शहरात बेकायदा फटके मारून गुपचूप सोडायला निघालेल्या अधिकाऱ्यांना तो म्हणाला, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावं. रोमन सुभेदार फेस्त याच्यापुढे त्याने कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. कायदा त्याला अस्पृश्य नव्हता. आणि इथं जाता जाता पण ठामपणे सांगते: सहाव्या अध्यायात बाब आहे ती रोजच्या जगण्यातल्या देण्याघेण्याची. मारहाण, लेकरांवरचे अत्याचार असले गुन्हे झाकायला हा अध्याय जो कोणी वापरतो, तो शास्त्र वापरत नाही, शास्त्राची आड घेतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उशिरा सुचली. सोसणं ही ख्रिस्ती जीवनातली मोठी गोष्ट आहेच, ती मी खोडून टाकणार नाही. पण योहान १०:१८ मध्ये येशू आपल्या जिवाबद्दल म्हणतो की कोणी तो माझ्यापासून घेत नाही, मी आपण होऊन देतो. सोसणं असं असतं, देणाऱ्याच्या हातात. ज्याला सोसायला सांगायचं त्याच्या सोसण्यातून सांगणाऱ्यालाच मजला मिळत असेल, तर ते वचन त्याच्या तोंडी शोभत नाही, आणि ते सांगायला तो तिसऱ्या कोणाला, म्हणजे मला, वापरत असेल तर मलाही शोभत नाही. धाकट्याने सोडलं ते खरंच स्वखुशीने सोडलं. त्याला परवडत होतं. त्याच्या देण्याचं माप ताईला लावता येत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी, कोणाचं नाव न घेता, मी हा अध्याय अभ्यासाला घेतला. पण नागपूर केवढं मोठं? सगळ्यांना कळलं होतं. बायका तावातावाने ताईच्या बाजूने बोलायला लागल्या आणि एकीने गणना या पुस्तकाचा २७ वा अध्याय काढला. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेपुढे उभ्या राहून म्हणतात की आम्हांलाही बापाच्या भाऊबंदांमध्ये वतन द्या. आणि परमेश्वर म्हणतो, त्यांचं बोलणं रास्त आहे. "झालं की बाई," ती म्हणाली, "देवानेच मुलींना हिस्सा दिला!"

मला तिला थांबवावं लागलं, आणि ते दादांना थांबवण्यापेक्षा कठीण गेलं, कारण मन तिच्याच बाजूचं होतं. सलाफहादाला मुलगा नव्हता. तिथला नियम असा की मुलगा नसेल तर वतन मुलीला जावं. पुढे छत्तिसाव्या अध्यायात त्या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अटही येते. ताईला दोन भाऊ होते. हा उतारा शब्दशः लावला असता तर ताईच्या हाती काहीच आलं नसतं, आणि दादांनी लगेच अनुवाद नावाच्या पुस्तकातलं २१:१७ काढून थोरल्याचा दुप्पट वाटा मागितला असता. सातवं वचन कापून घेणं चूक असेल तर सत्ताविसावा अध्याय कापून घेणंही चूकच. मग त्या पाच बहिणींकडून घ्यायचं काय? मला वाटतं, एवढं: नियम ठरलेला असतानाही त्या सगळ्या मंडळीसमोर येऊन बोलल्या, मोशेने त्यांना गप्प केलं नाही, स्वतःच्या अकलेने उत्तरही दिलं नाही, ती बाब त्याने परमेश्वरापुढे नेली. ऐकून घेण्याचा हा धडा मंडळीला लागू होतो. हिश्शाचं गणित त्यातून काढायचं नाही.

नाबोथाचा उतारा मात्र मला जवळचा वाटला. अहाब राजा नाबोथाच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात दुसरा चांगला मळा किंवा पैसे द्यायला तयार होता, तरी नाबोथ वाडवडिलांचं वतन द्यायला नाही म्हणाला. त्याच्या त्या नाही म्हणण्याला शास्त्र कुठंही लोभ म्हणत नाही.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर केलं आणि १९२२ मध्ये मरणाच्या अगदी आधी ते काम पुरं केलं. साध्या बाईला ते आपलं आपण वाचता यावं ही त्यामागची तळमळ. विजेच्या बिलाची खूण घालून आलेली ताई मला त्या दिवसांत अनेकदा रमाबाईंची आठवण देऊन गेली.

पाळकसाहेबांशी बोलले तेव्हा त्यांनी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय समोर ठेवला. यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात हेळसांड होत होती. कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी विधवांना सोसा म्हटलं नाही, सात माणसं निवडून काम लावून दिलं. आपणही तिघांना बसवू, पाळकसाहेब म्हणाले. १८४५ मध्ये स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले ते प्रेस्बिटेरियन परंपरेतले. पाळकाने आणि वडिलांनी, म्हणजे मंडळीने निवडलेल्या ज्येष्ठांनी, एकत्र बसून मंडळीतल्या बाबी ऐकायच्या ही त्या परंपरेची रीतच. मंडळीतले एक जुने वडील, एक वकील भगिनी आणि मी, असे तिघं जुलै ते सप्टेंबर २०२२ मध्ये चार वेळा बसलो.

वकील भगिनींनी पहिल्याच बैठकीत कायदा सांगितला, आणि अर्धे गैरसमज तिथंच गळाले. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. विधवा हयात असेल तर तिला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना. विधवा नसेल तर सगळं मुलांना, मुलगा आणि मुलगी सारखे. थोरल्याला जास्त नाही, लग्न झालेलीला कमी नाही. दादांचा मुद्दा होता की १९९४ मध्ये ताईच्या लग्नाला बाबांनी खर्च केला तोच तिचा वाटा. त्यावर वकील भगिनींनी कलम ४९ दाखवलं: बापाने हयातीत मुलाला किंवा मुलीला पुढं येण्यासाठी जे दिलं ते वाटणीत वजा धरायचं नाही. आपल्या समाजात हे फार थोड्यांना ठाऊक असतं. केरळात त्रावणकोरच्या १९१६ च्या जुन्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी ते मिळायचं. मेरी रॉय त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये तिथंही १९२५ चा कायदा लागू ठरला. एका ख्रिस्ती बहिणीने न्यायालयाची पायरी चढली म्हणून कितीतरी ख्रिस्ती बहिणींना वाटा मिळाला, हे सातवं वचन वाचताना आठवावं.

पण दादांची बाजू पोकळ नव्हती, आणि हे मी आवर्जून लिहिते. आठ वर्षं बाबांना उठवणं, धुणं, भरवणं, रात्री कूस बदलणं त्या घरात झालं. ताई रविवारी यायची, धाकटा नाताळला. आपला सहकारी तीमथ्य याला पौल सांगतो की जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. दादांनी ती तरतूद केली होती. ते बोलता बोलता रडले. त्यांनी लूक १२ काढलं: एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, आणि येशू म्हणतो, मला तुमचा न्यायाधीश कोणी नेमलं? लोभापासून सांभाळा. माझ्या जिभेवर आलं होतं की त्याच्याच पुढचा दाखला कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्याचा आहे आणि इथं घर पाडून इमारत बांधायची चालली आहे. मी बोलले नाही. तो टोला झाला असता, आणि वचनाने टोला मारण्यातूनच हे सगळं सुरू झालं होतं. ताईला मात्र मी एकटीत विचारलं, तुला यात किती हवंय आणि का? तिने वहीतला हिशेब दाखवला: मुलीची फी, डिपॉझिट, यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन. लोभ मला तरी त्यात सापडला नाही.

तिसऱ्या बैठकीत वडिलांनी सहज विचारलं, बाबांची कूस रात्री कोण बदलायचं? दादा थांबले. "ही," ते म्हणाले. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. आठ वर्षांच्या सेवेचा जो हक्क दादा मागत होते ती सेवा बहुतांशी तिची होती, आणि कायद्यात तिचं नाव कुठंच नव्हतं. आमच्या टिपणांतही तोवर ते आलं नव्हतं.

आम्ही सुचवलं ते असं: वरचा मजला दादांचा म्हणून बाजूला ठेवावा, जमीन आणि खालचं घर यांची किंमत ५४ लाख धरावी, ताईला तिसरा हिस्सा, १८ लाख, दोन हप्त्यांत द्यावा. दादांनी नाकारलं. दुसऱ्या रविवारपासून ते दुसऱ्या मंडळीत जायला लागले.

आता पुढे काय, यावर आम्हां तिघांत मतभेद झाले. वडील म्हणाले, कोर्टात गेली तर मंडळीची साक्ष गेली. माझं मत असं की मंडळीने पाचव्या वचनाप्रमाणे बसून ऐकलं, निवाडा दिला, तो मानला गेला नाही. आता तिला अडवायचा हक्क आमच्याकडे उरला नाही. लूक १८ मधली विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा जाते, माझ्या प्रतिवाद्याविरुद्ध माझा न्याय करा म्हणते, आणि येशू न थकता प्रार्थना करायचा नमुना म्हणून तिला आपल्यापुढे उभी करतो. तो दाखला प्रार्थनेचा आहे, दिवाणी दाव्याचा नाही, हे मला कळतं. तरी तिच्या न्याय मागण्यात पाप असतं तर येशूने तिला निवडलं नसतं. वडिलांना हे पटलं नाही, आणि आजही पटलेलं नाही.

२०२३ च्या सुरुवातीला ताईने वाटणीचा दावा लावला. स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने; ती सिव्हिल लाइन्सला जाऊन अर्ज करून आली. न्यायालयाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली, जवळपास आम्ही सुचवलं होतं तीच. फक्त एक अट नवी होती आणि ती ताईने घातली: माझ्या अठरातले तीन लाख वजा करा आणि वहिनीच्या एकटीच्या नावाने ठेव करा. मध्यस्थांनी दोनदा विचारलं, नक्की ना? वहिनी त्या दिवशी आली नव्हती. तिला हे दादांकडूनच कळलं.

पहिला हप्ता जानेवारी २०२४ मध्ये मिळाला. दुसरा डिसेंबरअखेर यायचा होता. नोव्हेंबरमध्ये दादांची अँजिओप्लास्टी झाली आणि पैसे आले नाहीत. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी अर्ज करू, असं ताईच्या वकिलांनी सुचवलं. ती माझ्याकडे आली, तेच शास्त्र घेऊन. या वेळी मी कुठलंच वचन काढलं नाही. तुला काय करावंसं वाटतं, एवढंच विचारलं.

"दोन महिने थांबते जी," ती म्हणाली. "मुलीची फी भरून झाली आहे. दादांचं तब्येतीचं बघू दे आधी."

ती थांबली. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पैसे जमा झाले. त्याच दुपारी दादांचा तिला फोन आला, जवळजवळ तीन वर्षांनी. बोलणं दोन मिनिटांचं होतं आणि त्यात घराचा विषय निघाला नाही, असं ती म्हणाली.